‘वाटतं’, पण कुणाला?

अकरावीच्या वर्गावर इंग्रजी व्याकरणाचा तास होता. फळ्यावर मी तीन वाक्यं लिहिली. एकात ‘सीम’, दुसऱ्यात ‘अपिअर’, तिसऱ्यात ‘लुक’. तिन्हींचं मराठी साधारण एकच, ‘तो दमलेला दिसतो’. मग नेहमीचा फरक सांगितला. डोळ्यांनी पाहून बोलायचं असेल तर ‘लुक’, आवाजावरून किंवा ऐकीव माहितीवरून बोलायचं असेल तर ‘साउंड’, एकूण अंदाजावरून ‘सीम’, आणि ‘अपिअर’ म्हणजे तेच, पण जरा कचेरीच्या थाटात. मुलांनी वह्यांत उतरवून घेतलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

“सर, कुणाला?”

“काय कुणाला?”

“आपण म्हणतो, मला तो दमलेला वाटतो. इंग्रजीत ‘मला’ कुठंय?”

मी उत्तर दिलं, ते शिक्षकी उत्तर होतं. ‘टू मी’ असे दोन शब्द जोडता येतात, पण जोडायलाच हवेत असं नाही, वाक्य त्यांच्याशिवाय पूर्ण होतं. तिनं मान हलवली, घंटा झाली, तास संपला. मी मात्र घरी येईपर्यंत तोच विचार करत होतो. तीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, आणि हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता.

एवढं काय त्यात, असं कुणी म्हणेल. पण ‘वाटणं’ या क्रियापदाशी माझी जुनी ओळख आहे. मराठीत लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या कुठल्याही मुसलमानाला विचारा, ‘तुम्ही मुसलमान वाटत नाही’ हे वाक्य त्यानं ऐकलेलं असतं. मी ते पहिल्यांदा ऐकलं नोकरीच्या पहिल्या वर्षी, स्टाफरूममध्ये. तुकाराम बीजेच्या निमित्तानं मी पाच-दहा मिनिटं बोललो होतो. एक ज्येष्ठ सहकारी जवळ आले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “काय मराठी आहे हो तुमचं! तुम्ही मुसलमान वाटतच नाही.” त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. त्यांनी मला बक्षीसच दिलं होतं. मीही हसून ते घेतलं. घरी येऊन अम्मीला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, “तो फिर मुसलमान कैसा लगताय उनकू?”

अम्मी शाळेत गेलेली नव्हती. पण तिनं ‘उनकू’ म्हटलं होतं. सहकाऱ्यांच्या वाक्यात जो गाळला गेला होता, तो पाहणारा माणूस तिनं एका शब्दात परत आणून बसवला. हे माझ्या लक्षात यायला तीस वर्षं आणि अकरावीतली एक मुलगी लागली.

तेव्हा या क्रियापदांचा इतिहास थोडा खोदून पाहावा असं ठरवलं. जे सापडलं ते इथं मांडतो.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा ‘मला’ होता. त्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. एक ‘थेंचन’, म्हणजे विचार करणं. दुसरं ‘थुंचन’, म्हणजे वाटणं. विचार करणारा माणूस वाक्याचा कर्ता असे. वाटण्याच्या बाबतीत मात्र माणूस चतुर्थीत जाई, अगदी आपल्यासारखा: मला वाटतं, राजाला वाटतं, त्यांना वाटतं. जर्मन भाषेत ही जोडी ‘डेंकन’ आणि ‘ड्युंकन’ अशी वेगळी राहिली, पण इंग्रजीत दोन्हींचे उच्चार घासत घासत एकमेकांत मिसळले आणि शेवटी दोघांचं मिळून एकच ‘थिंक’ उरलं. जुन्या ‘मला वाटतं’चा एक अवशेष तेवढा नाटकांत आणि कवितांत टिकला, तो म्हणजे ‘मीथिंक्स’. मराठी विद्यार्थी हा शब्द पहिल्यांदा पाहतो तेव्हा त्याला त्यातला ‘मी’ आपला वाटतो. गंमत अशी की अर्थानं तो ‘मी’ नाहीच, तो ‘मला’ आहे.

हे एकट्या ‘वाटण्या’चं नव्हतं. त्या काळच्या इंग्रजीत ‘मला आवडतं’, ‘मला भूक लागते’ अशाच घाटाची वाक्यं होती. पुढं नामांना लागणारे विभक्तीचे प्रत्यय गळून पडले. कोण कर्ता आणि कोण कर्म हे शब्दांच्या क्रमावरून ठरू लागलं. जो आधी येईल तो कर्ता. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडितानं यासाठी राजा आणि पेअर फळांचं उदाहरण दिलं, ते भाषाशास्त्राच्या वर्गात अजून देतात. ‘राजाला पेअर आवडतात’ असं ते जुनं वाक्य. प्रत्यय गेल्यावर राजा सुरुवातीला उभा आहे म्हणून तोच कर्ता ठरला. पूर्वी आवड राजाकडे येत होती, आता ती राजाची कृती झाली.

‘सीम’ आणि ‘अपिअर’ यांच्या नशिबी उलटं आलं. मध्ययुगीन इंग्रजीत ‘मला सीम होतं’ अशी रचना सर्रास सापडते. पण हळूहळू जे दिसतं ते वाक्याच्या तोंडाशी जाऊन बसलं, आणि ज्याला दिसतं तो शेपटाकडे ढकलला गेला. शेपटाकडे गेलेली गोष्ट गाळायला सोपी असते. माझ्या विद्यार्थिनीला जो ‘मला’ सापडला नाही, तो असा हरवला. कुणी मुद्दाम चोरला नाही. भाषा अशाच बदलतात. पण हरवल्यावर त्याची सोय कुणाकुणाला झाली, तो इतिहास वेगळा आहे. त्याकडे येतोच.

आधी ‘सीम’ या शब्दाचं घराणं पाहू, कारण ते फार रंजक आहे. हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हे. 793 साली उत्तर समुद्र ओलांडून आलेल्या वायकिंगांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला. पुढच्या दोनशे वर्षांत ते लुटायला येण्याऐवजी राहायलाच आले. उत्तर आणि पूर्व इंग्लंडात त्यांनी शेती केली, लग्नं केली, आणि 1016 मध्ये त्यांच्यातला कन्यूट तर इंग्लंडच्या गादीवर बसला. शेजाऱ्यांच्या बोलण्यातून त्यांचे शब्द इंग्रजीत शिरले: घेणं, मिळणं, चाकू, खिडकी, अंडं, कायदा, इतकंच काय ‘ते लोक’मधला ‘ते’सुद्धा. त्यांच्याच भाषेत ‘स्योमा’ असं एक क्रियापद होतं. त्याचा अर्थ ‘दिसणं’ नव्हता. त्याचा अर्थ होता शोभणं, साजणं, रीतीला धरून असणं. आजही इंग्रजीत शोभेल अशा वागण्याला ‘सीमली’ म्हणतात आणि अशोभनीय वागण्याला ‘अनसीमली’. ‘अमुक माणसाला अमुक शोभतं’ इथून ‘तो अमुक दिसतो’ इथपर्यंत हा शब्द सरकत आला. सुमारे 1200 पासून तो इंग्रजी लिखाणात ‘दिसणं, भासणं’ या अर्थानं भेटतो.

त्याच्याही मागे गेलं तर मूळ धातूचा अर्थ ‘एकसारखं, जुळणारं’ असा आहे. इंग्रजीतला ‘सेम’ त्यातलाच. संस्कृतमधला ‘सम’ त्यांचा चुलत भाऊ, आणि फारसीतला ‘हम’ही. म्हणजे आपण ज्याला समदुःखी म्हणतो आणि उर्दूत ज्याला हमदर्द म्हणतात, त्या दोन्ही शब्दांची पहिली अक्षरं ‘सीम’च्या कुळातली निघाली. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. ‘मुसलमान वाटत नाही’ या वाक्यात नेमकं हेच तर आहे. कुणाच्या तरी मनात एक साचा आहे, आणि मी त्याच्याशी जुळत नाही. ‘वाटणं’ म्हणजे साच्याशी जुळणं. साचा कुणाचा, हे वाक्य सांगत नाही.

‘अपिअर’ दुसऱ्या वाटेनं आला. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबाराची, कायद्याची भाषा फ्रेंच झाली. इतकी, की 1362 मध्ये न्यायालयांतलं बोलणं इंग्रजीत व्हावं असा कायदा केला, तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. (आपल्याकडच्या राजभाषेच्या परिपत्रकांची आठवण झाली तर ती माझी चूक नाही.) ‘अपिअर’ फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमधला मूळ अर्थ ‘पुढे येणं, नजरेस पडणं’. इंग्रजीत तेराव्या शतकाच्या शेवटी तो याच अर्थानं आला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याला कोर्टातला अर्थ चिकटला, हजर होणं. ‘भासणं’ हा अर्थ त्याच सुमारास, 1400च्या आसपास रुळला. आरोपी कोर्टात अपिअर होतो आणि तो गुन्हेगार अपिअर होतो, दोन्हींना एकच क्रियापद.

त्याचंच विशेषण ‘अपॅरंट’ आणखी दुतोंडी आहे. एका तोंडानं ते म्हणतं ‘उघड, निर्विवाद’. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत पुनर्विलोकनासाठी जी चूक लागते, ती या ‘अपॅरंट’ जातीची, कागद पाहताच दिसणारी. दुसऱ्या तोंडानं तेच विशेषण म्हणतं ‘वरवर पाहता’. वर्तमानपत्रात एखाद्या मृत्यूच्या बातमीत ‘अपॅरंट’ आत्महत्या असं छापतात, तेव्हा वार्ताहराला खात्री नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. उघड सत्य आणि निव्वळ भास यांना एकच शब्द वापरणारी भाषा जगावर राज्य करून गेली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

अरबीतल्या ‘जाहिर’ शब्दाचा अर्थही असाच, नजरेस येणारं, बाहेरचं. त्याच्या समोर ‘बातिन’, आतलं. मराठीनं त्यातला ‘जाहीर’ उचलला आणि जाहीर सभेपासून जाहीर लिलावापर्यंत वापरला. ‘बातिन’ मात्र आपण घेतला नाही. ‘हजर’, ‘नजर’, ‘मालूम’ हे सगळे त्याच बाजूनं आलेले पाहुणे, आता घरचे झालेले. फारसीत ‘असं वाटतं’ म्हणायचं तर ‘नजरेला पोहोचतं’ अशा अर्थाची रचना करतात. नजर कुणाची हे सांगितलं नाही तरी निदान नजर आहे हे तरी ती रचना विसरत नाही.

‘लुक’बद्दल थोडक्यात. तो अस्सल जुना इंग्रजी शब्द आहे आणि त्याचं मूळ काम पाहण्याचं. पाहणारा माणूस पाहतो, एवढंच. 1400च्या सुमारास तो उलटून पडला आणि ज्याच्याकडे पाहिलं जातं तो माणूसही ‘लुक’ करू लागला. मराठीत पाहणं आणि दिसणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळी क्रियापदं. इंग्रजीत पाहणाऱ्याचं क्रियापद दिसणाऱ्याच्या गळ्यात घातलं. चाखणं, हुंगणं, स्पर्श यांचंही तिथं तसंच झालं.

या क्रियापदांवर कुणी जीव तोडून भांडलं असेल तर ते शेक्सपिअरच्या रंगभूमीवर. ‘हॅम्लेट’च्या पहिल्याच अंकात राजपुत्र बापाच्या मृत्यूनं काळे कपडे घालून बसला आहे. आई समजावते की मरण सगळ्यांनाच आहे, मग तुलाच ते इतकं वेगळं का भासावं. तिच्या तोंडून ‘सीम’ हा शब्द निघतो आणि हॅम्लेट उसळतो. भासण्याशी आपला संबंध नाही, असं तो सुनावतो. काळा झगा, उसासे, डोळ्यांतलं पाणी ही सगळी नट करून दाखवू शकेल अशी सोंगं, आपल्या आत जे आहे ते या सगळ्याच्या पलीकडचं. गोपाळ गणेश आगरकरांनी या नाटकाचा ‘विकारविलसित’ हा मराठी अनुवाद 1883 मध्ये प्रसिद्ध केला. सुधारक म्हणून आयुष्यभर लोकांच्या ‘दिसण्या’च्या दडपणाविरुद्ध लिहिणाऱ्या माणसाला हेच नाटक निवडावंसं वाटलं, याचं मला नवल वाटत नाही.

पण आपल्या विषयाला ‘ऑथेल्लो’ जास्त जवळचं. ऑथेल्लो मूर आहे. मूर हा उत्तर आफ्रिका आणि स्पेनमधल्या मुसलमानांसाठी युरोपचा सरसकट शब्द. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांनी इथल्या मुसलमानांनाही तेच नाव दिलं. नाटकातला ऑथेल्लो बाप्तिस्मा घेतलेला आहे, व्हेनिसच्या फौजेचा सेनापती आहे, तरी तो ‘मूर’च राहतो. हे नाटक 1603-04च्या सुमाराचं. त्याच्या तीन-चार वर्षं आधी, 1600 मध्ये, मोरोक्कोच्या सुलतानाचा वकील अब्दुल वाहिद बिन मसऊद एलिझाबेथ राणीच्या दरबारात आला होता. त्याच वर्षी काढलेलं त्याचं चित्र आजही पाहायला मिळतं. पांढरा फेटा, वर काळा अंगरखा, कमरेला तलवार आणि थेट आपल्याकडे रोखलेली नजर. लंडनच्या लोकांनी तेव्हा एक खराखुरा मूर डोळ्यांनी पाहिला होता.

नाटकात इयागो ऑथेल्लोला बायकोबद्दल काहीही ठोस सांगत नाही. त्याचं सगळं काम ‘दिसतं’ आणि ‘भासतं’ यांवर चालतं. असणं आणि दिसणं यांतल्या फरकावर तो उलट ऑथेल्लोलाच उपदेश करतो, आणि स्वतः मात्र सगळ्या नाटकभर ‘प्रामाणिक इयागो’ म्हणून वावरतो. ऑथेल्लो डोळ्यांना दिसेल असा पुरावा मागतो. त्याला मिळतो एक रुमाल. चौथ्या अंकात तर कमाल आहे. ऑथेल्लो लांब आडोशाला उभा राहून कॅसिओला हसताना पाहतो. कॅसिओ हसतोय दुसऱ्याच बाईच्या विषयावर. ऑथेल्लोला शब्द ऐकू येत नाहीत, फक्त हावभाव दिसतात, आणि ते कशाबद्दल आहेत असं समजायचं हे इयागोनं आधीच भरवून ठेवलेलं आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 मध्ये हे नाटक मराठीत आणलं आणि 1890 मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचा ‘झुंझारराव’ केला. रूपांतरात नायक आपल्यातला होतो. परका सेनापती आणि त्याच्याविषयी आधीच तयार असलेली मतं, हा मुद्दा त्यात बराचसा विरघळून जातो असं माझं मत आहे. देवलांना दोष द्यायचा नाही, प्रेक्षक टाळ्या कशाला वाजवतील हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

रंगभूमीवरून ही क्रियापदं आपल्या गावांत आली ती कोर्टाच्या आणि पोलिसांच्या कागदांतून. साक्षीदार मराठीत, कानडीत, दख्खनीत बोलणार, आणि साहेब इंग्रजीत टिपून घेणार. ‘मला तो तसा वाटला’ यातला ‘मला’ या टिपणात राहीलच असं नव्हतं. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. 1872चा भारतीय पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफनचा, आणि त्याचं 60वं कलम या बाबतीत फार कडक होतं. तोंडी पुरावा थेट हवा. पाहिल्याची गोष्ट असेल तर ज्यानं पाहिली त्यानं येऊन सांगावं, ऐकल्याची असेल तर ज्यानं ऐकली त्यानं, आणि मत असेल तर ज्याचं मत आहे त्यानं. म्हणजे अम्मीचा ‘उनकू’च कायद्यानं लिहून ठेवला. मी हे कलम वाचलं तेव्हा स्टीफनसाहेबाला मनातल्या मनात सलाम केला.

पण त्याच राज्यात दुसरे कागदही लिहिले जात होते. 1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 363व्या कलमात साक्षीदार बोलताना कसा वागला-दिसला याबद्दल न्यायाधीशाला शेरा मारण्याची तरतूद होती. ती 1973च्या संहितेत 280वं कलम म्हणून कायम राहिली. यात अर्थ आहे, वरच्या कोर्टाला माणूस दिसत नाही, कागदच दिसतो. तरी साहेबासमोर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या कुळाचं अडखळणं घाबरल्याचं होतं की खोटेपणाचं, हे त्या शेऱ्यावर अवलंबून.

त्याच 1898च्या संहितेतलं 109वं कलम बघा. ज्याच्याकडे ‘ऑस्टेन्सिबल’ उपजीविकेचं साधन नाही, त्याला चांगल्या वर्तनाच्या जामिनासाठी उभं करता येई. ‘ऑस्टेन्सिबल’ म्हणजे दाखवता येण्यासारखं, वरून दिसणारं. हाही लॅटिनमधून आलेला शब्द, ‘दाखवणं’ या क्रियापदापासून झालेला. म्हणजे पोटाचा धंदा दिसला पाहिजे. दिसला नाही तर संशय.

आणि दिसला तर? 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं सरकारला अख्खी जमात गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार दिला. त्यासाठी लागत होतं एवढंच की सरकारला तसं मानण्यास कारण असावं. कारण कुणाला दिसलं, कशावरून दिसलं, याची उलटतपासणी नव्हती. पुढं 1911 मध्ये हा कायदा नव्यानं केला गेला आणि मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्याआधी, 1908 मध्ये, मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांनी इलाख्यातल्या तथाकथित गुन्हेगार वर्गांवर एक जाडजूड पुस्तक काढलं. प्रत्येक जमातीचं वर्णन ठरलेल्या मुद्द्यांवर: नाव, वस्ती, चेहरामोहरा, पेहराव, बोली. आणि एका मुद्द्यात ‘ऑस्टेन्सिबल’ उपजीविका आणि सोंग, दोन्ही शेजारी शेजारी. 109व्या कलमात जे नसणं हा संशय होता, तेच या पुस्तकात असणं हे सोंग झालं.

या पुस्तकात छप्परबंदही आहेत. छप्पर शाकारणारे, पेशा नावातच आहे. मुसलमान, फिरस्ते, विजापूर-सोलापूरकडचे. त्यांच्यावर शिक्का होता खोटी नाणी पाडण्याचा, आणि फकिराच्या वेशात फिरतात हा त्यावरचा जोड शिक्का. खोटी नाणी कुणी पाडलीच नसतील असं मी म्हणत नाही. पण ज्या जमातीची माणसं फकीर ‘दिसतात’ असं एकदा सरकारी पुस्तकात छापून आलं, तिच्यातल्या खऱ्या फकिरानं काय करावं? त्याची झोळी, त्याचा हिरवा झगा, त्याचा दुवा, हे सगळं आता पुराव्याच्या रकान्यात गेलं. तो जितका फकिरासारखा वागेल तितका जास्त संशयास्पद ठरणार. पाहणारा कुणाला दिसत नाही. दिसतो फक्त फकीर.

कायदा 1952 मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद, मुसलमान धरून, आजही आहेत. आणि आमच्या सोलापुरात ज्या ठिकाणी या कायद्याखाली माणसांना तारेच्या कुंपणात वसवलं होतं, त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’ म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की पुरतं. माझ्या वर्गात तिथून येणारी मुलं दरवर्षी असतात. त्यांच्यापैकी कुणी रात्री उशिरा शिकवणीहून घरी जाताना थांबवलं गेलं की दुसऱ्या दिवशी मला सांगतं, हसत हसत. त्या हसण्याची मला सवय होत नाही.

मराठीचा अभिमान बाळगून मी इथं इंग्रजीला नावं ठेवत बसलो, असं कुणाला वाटेल. पण आपण ‘मला’ जपला तो घरात. कचेरीत गेल्यावर आपणही तो बाहेर चपलांजवळ काढून ठेवतो. सरकारी पत्र बघा, ‘असे निदर्शनास आले आहे की’. कुणाच्या? ‘सकृद्दर्शनी असे दिसून येते की’. कुणाला? पोलिसी मराठीतला माझा सगळ्यात आवडता प्रयोग म्हणजे ‘सदर इसम संशयितरीत्या फिरताना मिळून आला’. जणू काही इसम रस्त्यावर सांडलेला होता आणि तो आपोआप मिळाला. आणि स्टाफरूममध्येही आपण म्हणतो, ‘तुम्ही मुसलमान वाटत नाही’. व्याकरणानं मराठीला ‘मला’ची जागा दिलेली आहे, आपण ती रिकामी ठेवतो.

ते सहकारी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या ईदला ते शीरखुर्मा प्यायला आले होते. माझ्या नातवाशी त्यांच्या गप्पा चालल्या होत्या आणि मध्येच ते कौतुकानं म्हणाले, “किती शुद्ध बोलतो हो हा, अगदी...” आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांनी का गिळलं, ते मला माहीत नाही. अम्मी आता नाही, नाहीतर तिनं विचारलं असतं.

पुढच्या आठवड्यात त्याच वर्गाची सराव चाचणी घेतली. भाषांतराच्या प्रश्नात मी ‘अपिअर’चं एक सोपं वाक्य दिलं होतं: तो माणूस संशयास्पद दिसत होता, एवढंच. बाकी सगळ्यांनी तसंच लिहिलं. त्या मुलीनं लिहिलं, ‘तो माणूस हवालदाराला संशयास्पद वाटला.’

मी तिला जवळ बोलावलं. “वाक्यात हवालदार कुठं आहे?”

“लिहिलेला नाही सर. पण असणारच ना कुणीतरी.”

बोर्डाचा तपासनीस इथं गुण कापणार, हे तिला सांगणं माझं काम होतं, ते मी केलं. अर्धा गुण कापला. तिनं वही घेतली, कापलेल्या अर्ध्या गुणाकडे पाहिलं, आणि “कुणी कापला ते पण लिहा ना सर,” म्हणाली. मी खाली सही केली.